वर्ण गव्हाळ, बांधा मध्यम

एकतीस वर्षं मी बेपत्ता माणसांची वर्णनं लिहिली.
आधी राबोडी, मग कापूरबावडी, शेवटी वर्तकनगर.
वर्ण गव्हाळ, बांधा मध्यम, नाक सरळ,
अंगात निळी पँट, पायात चप्पल.
असे एकट्या जांभळी नाक्यावर
सकाळच्या भाजीला दोनशे भेटतील.

एक बाई यायची कोलबाडची, दर सोमवारी.
साहेब, तो हसताना मान डावीकडे कलवतो,
तेवढं लिहा.
त्याला रकाना नव्हता.

आता येऊरला जातो, पाटोणपाड्याच्या वाटेनं.
खिशात भिंग. वही नवी,
रकाने जुन्या सवयीनं आखलेले.

दोन ऐनांच्या मधली ओळखायला भिंग लागत नाही :
तळहाताएवढी, काळी, पाठीवर पिवळ्या रेघा,
जाळं उन्हात हळदीनं माखल्यासारखं.
घाणेरीतली आठ पाय जोडीजोडीनं जुळवून
फुली होऊन बसते
आणि जाळ्यावर पांढरी नागमोडी सही करते.
(माझ्याकडे निम्म्यांचे अंगठेच असत.)
एकीचं पोट लांबीपेक्षा रुंद, टणक, कडेनं सहा काटे;
सदऱ्याच्या बटणाएवढा जीव आणि केवढी ती तयारी.
एक तर खाल्लेल्यांची सालपटं
एका ओळीत टांगते
आणि त्या ओळीत आपणच एक सालपट होते.
तिच्यासमोरून मी तीन आठवडे गेलो.

मग ही.
वनखात्याच्या फाटकापाशी, दिव्याखाली,
अंधार पडताना जाळं विणायला काढलेली.
लिहायला घेतलं आणि हात थांबला :
वर्ण गव्हाळ, बांधा मध्यम.

आठ डोळे, चार-चारच्या दोन ओळी.
पायांची तिसरी जोडी आखूड.
पोट फुगीर, पुढे डोक्यावर झुकलेलं.
एवढ्यावर कूळ कळतं, नाव नाही.
पाठीवरची नक्षी धरावी
तर शेजारच्या बहिणीची निराळी.

वैतींची हर्षाली कोळ्यांवरच शिकतेय. ती म्हणाली,
काका, नक्की नाव हवं तर
स्पिरिटच्या बाटलीत घालावी लागेल.
मग उलटी करून पोटाखाली बघायचं,
तिथं चूक होत नाही.

ठाऊक आहे मला.
सिव्हिलच्या मागच्या खोलीत
चादर बाजूला झाली की
तिथंही चूक होत नसे.
कोलबाडची बाई तिथं एकदाच आली,
आणि पुढचा सोमवार रिकामा गेला.

बाटली मी हर्षालीला परत दिली.
झाकण घट्ट होतं, उघडलंच नव्हतं.

पहाटे पुन्हा गेलो तर दिवा विझलेला,
जाळं तिनं गिळून टाकलेलं, एक आडवा धागा तेवढा राहिलेला,
ती जवळच्या पानाखाली, पाय आवळून.
काडीनं पान हलवलं.
तिनं आधी डावा पुढचा पाय उचलला,
थांबली,
मग बाकीचे.

नावाचा रकाना कोरा ठेवला.
डाव्या पायाचं समासात लिहिलं,
पेन्सिलीनं, जरा मोठ्या अक्षरात.