रंग नाही

पहाटे साडेपाच. नेरुळ, दवाखान्याची मागची खोली.
दारावर खडूनं लिहिलंय : चपला बाहेर.
कार्बनच्या टाकीमागचा नळ सोडते,
परीक्षानळीत दहा मिली, वर चिमूटभर पावडर,
आणि ट्यूबलाइटपाशी धरून थांबते.
गुलाबी झालं, तर आज वर कुणालाच सुई टोचायची नाही.
झालं नाही.
वहीत लिहिते : क्लोरीन – रंग नाही. हर्षला घरत.

मोरब्याचं पाणी तसं चांगलंच.
आमचं अख्खं करावे गाव तेच पितं.
पण पोटाला चालतं ते रक्ताला चालत नाही,
हे डायस सरांनी शिकवलं.

त्यांच्या उमेदीत ठाण्यात एक जुनं मशीन होतं
आणि पाण्याला नुसता कँडलचा फिल्टर.
तुरटीनं निवळलेलं पाणी, काचेसारखं,
संशय घ्यावा असं त्यात दिसणार काय?
मग एक बाई, कापडाच्या दुकानातल्या, हिशेबाला पक्क्या,
शब्द विसरू लागल्या.
आधी ‘चमचा’.
मग सुनेचं नाव.
मग हात थरथरायला लागले.
सगळे म्हणाले, किडनीचंच हे.
तुरटीतला धातू रक्तातून डोक्यात चढत होता,
ते कळेपर्यंत बाई गप्प झाल्या होत्या.
सर एवढं सांगतात आणि चष्मा पुसत बसतात.

माझा आजा बेलापूरच्या मिठागरात.
पाणी उन्हाला द्यायचा, मीठ ठेवून घ्यायचा.
मी उलटी निघाले, मीठ सोडून पाणी ठेवते.
तरी दर रविवारी सॉफ्टनरसाठी
पंचवीस किलोची गोणी फोडावीच लागते,
आणि बोटाच्या चिरेत झोंबलं
की त्याचे फाटलेले पाय आठवतात.

पाच नंबरच्या खुर्चीत ठोंबरेकाका.
तुर्भ्याला, रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं.
‘आमच्या नाल्याचा रंग बघून लोक वार सांगायचे गं.’
चार तासांत एकशेवीस लिटर पाणी
पातळ पडद्यापलीकडून त्यांच्या रक्ताला लागून जातं;
प्यायला मात्र दिवसाला तीन पेले, लहान.
‘तुझ्या पाण्याची चव कशी असते?’
‘चवच नसते, काका.’
‘मग त्याला पाणी का म्हणायचं?’
जीभ ओठांवरून फिरवतात. हसतात.

दुसऱ्या पाळीआधी पुन्हा खाली.
नळी, पावडर, ट्यूबलाइट.
मनातल्या मनात साठपर्यंत आकडे.