मधली काच

लक्ष्मीपुरीतला दुकानदार सांगत होता,
हे दोघं एका टाकीत नकोत, काका.
मी म्हटलं, भावा, तू पिशवीत घाल. बघतो माझं मी.

तेव्हा करंगळीएवढे होते.
एक शेंदरी. एक राखी, कपाळावर जराशी सूज.
दिवाळीपर्यंत राख्याच्या डोक्यावर नारळ चढला,
शेंदऱ्याचे ओठ मार खाल्ल्यासारखे जाड झाले.
आधीच्या सात एंजलांचं काय झालं
ते फिल्टरच्या जाळीला विचारा.

सोमवार. उद्यमनगर बंद, लेथ बंद, मी घरात.
चहा घेऊन बसलो तर
दोघं जबड्यात जबडा घालून उभे,
हलत नाहीत, सोडत नाहीत,
खवले तेवढे टिकल्यांसारखे खाली येतायत.
मी हात घातला.
अंगठ्याजवळची ही खूण त्या दिवशीची.
दोघांतल्या कुणाची, ते अजून ठरलेलं नाही.

शब्बीर बागवाननं काच कापून दिली,
कडा घासून, चार भोकं पाडून.
घरात काय काढलंय, म्हणाला.
म्हटलं, वाटणी.
तो हसला नाही.
वरच्या मजल्याचा जिना आम्ही बाहेरून का घेतला
हे त्याला माहीत होतं;
खिडक्या त्यानंच बसवलेल्या.

मग नऊ वर्षं.
नळाला थेट पाइपलाइनचं पाणी आलं,
ते दोन दिवस पिंपात मुरवून मी भरत राहिलो.
सुकटीचा वास बोटांचा जाईना.
दोन हीटर फोडले त्यांनी.
वाळू तोंडानं उचलून काचेशी नेऊन टाकायची,
इकडून ह्यानं, तिकडून त्यानं,
मधोमध बांध.
सकाळी लाइट लावला की खाण्याकडं बघायचे नाहीत.
आधी काचेपाशी. कल्ले फुगवून, पर ताणून.
मग खाणं.

राख्या गेला जोतिबाच्या यात्रेच्या आदल्या रात्री.
एवढा मोठा कुंडीत मावंल का, बायकोनं विचारलं.
मावला. कढीपत्त्याखाली.

मी काच काढली.
घे म्हटलं, सगळी तुझी.

तो आला. जिथं काच होती
तिथवर आला,
आणि वळला.
दिवसभर तसाच. येतो, वळतो.
काहीच नाही तिथं, आणि तो वळतो.
चौथ्या दिवशी रंग उतरून
भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा झाला,
कोळंबी सोलून टाकली तीही तशीच कुजली.

सानिकानं तिचा हातआरसा आणला,
टाकीला बाहेरून टेकवून धरला.
पोरीला कुणी शिकवलं कोण जाणे.

धडक अशी बसली की पाणी फरशीवर.
कल्ले उघडले. शेंदूर परत आला, आधी पोटाशी,
मग सगळीकडं.
खाल्लं त्यानं, तीन तुकडे.

आता रोज दहा मिनिटं आरसा.
जास्त नको, जीव दमतो त्याचा.
मी धरून बसतो, हाताला रग लागेपर्यंत.
वर कुणीतरी खुर्ची ओढतं,
खोकतं.
आहे अजून.