पाण्याचा हिशेब

डॉक्टरांनी कागदावर घेवड्याचे दोन दाणे काढले,
त्यातून निघणारे बाण काढले.
आई म्हणाली, कळलं. मानस बिघडली.
बाहेर आल्यावर मलाच समजावलं:
खाजनाच्या बांधाला लाकडी दारं असतात ना,
भरतीला आपली आपण मिटतात, ओहोटीला उघडतात,
ती कुजली की काय होतं?
आतलं पाणी आतच. शेत नासतं.
मग हसली.
तिच्या बापाने चाळीस वर्षं
चोडणच्या बांधावर तीच दारं राखली होती.

त्यानंतर सहा वर्षं
मंगळवार, गुरुवार, शनिवार,
पहाटेची पहिली फेरीबोट,
रायबंदरचा धक्का, तिथून बांबोळी,
चार तास यंत्राशेजारी.
उजवीकडच्या खाटेवर मडकईचे फोंडू मेस्त.
तिसऱ्या पावसाळ्यात ती खाट दुसऱ्याला मिळाली.
आईने कुणालाच काही विचारलं नाही,
त्यांच्या बायकोला फक्त सोलं पाठवली, डबाभर.

निघण्याआधी माझा डबा भरलेला असायचा.
स्वतःला मीठ बंद,
तरी हुमणात चिमटीने मीठ सोडायची, चव न घेता,
आणि एकदाही चुकली नाही.
मी चिडायचे. कोण सांगतं तुला हे करायला?
ती म्हणायची,
यंत्र माझं रक्त धुतं बाये, तुझी भाजी नाही चिरत.

डाव्या हातावर शीर फुगवलेली.
कान लावला की आत
फेरीबोटीचं इंजिन चालू असल्यासारखी घरघर.
रात्री झोपेचं सोंग घेऊन
मी तो हात उशाशी ओढून ऐकायचे.
आहे. अजून आहे.

दिवसाला पाचशे मिली,
गोळ्या, चहा, आमटी, सगळं धरून.
निळ्या बाटलीवर चिकटपट्टीची खूण,
कॅलेंडरच्या चौकोनांत तिचे बारीक आकडे.
एका बाजूला मांडवी, दुसरीकडे म्हापशाची नदी,
खाली विहीर काठोकाठ,
आणि मधोमध पायरीवर ती,
गालात बर्फाचा एक खडा धरून,
तो संपू नये म्हणून न बोलणारी.

मे महिन्यात एकदा
बाहेरून आले ती दाराआड उभी राहिले
आणि तांब्या घटाघटा रिकामा केला.
आतून आवाज आला:
समोर येऊन पी गं.
मला ऐकायला आवडतं.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

शेवटी आत्याने पर्समधून गंगाजलाची बाटली काढली,
सिस्टरने खिडकीकडे तोंड फिरवलं.
चमचा ओठांना लागला
आणि मी मनात मोजायला लागले,
पाच, दहा, पंधरा.
सवय.

दहाव्या दिवशी मस्कतहून आलेला भाऊ
गुडघाभर पाण्यात उभा राहून ओंजळी सोडत होता.
भटजी म्हणाले, पुरे.
मी काठावर होते, बायकांच्या घोळक्यात.
घाल अजून, असं म्हणायचं होतं.
म्हटलं नाही.

काल रंगारी आले.
स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं.
त्याच्यामागे भिंतीचा जुना रंग,
नवा असल्यासारखा.
एकोणीस तारखेपुढचे चौकोन कोरे.
एकोणिसात तिच्या तिरक्या अक्षरात:
सकाळी शंभर. गोळ्या पन्नास.
चहा एकशेवीस. जेवताना एकशेऐंशी.
आणि खाली, जागा पुरेना म्हणून
विसाच्या चौकोनात उतरलेलं:
पन्नास शिल्लक,
रात्री लागलं तर.