अडणारी बिजागरी

माझ्या कपाटात सुयांचा एक डबा उरला होता,
मुदत उलटून बारा वर्षं झालेला.
दवाखाना सुटला, डबा सुटला नाही.
ताउनोनं तो मागितला तेव्हा वाटलं,
झालं, म्हातारा आता घरीच टोचून घेणार.

त्याला सुई नको होती.
सुईतली पोकळी हवी होती.

पस्तिसात एक मापाची गाडी,
इनारी सरोवरापलीकडच्या विजेच्या तारा जोडायला
हे दोघं घेऊन जायचे तशी,
पट्ट्यांवर चालणारी, नारिंगी.
छपरात झडप. झडपेला दोन बिजागऱ्या.
एकेक बिजागरी माझ्या करंगळीच्या नखावर आडवी होईल
आणि कूस बदलायला जागा उरेल.

पात्याखाली सुई लोळवत तो कापतो.
दोन नळ्या झडपेला, मधली छपराला,
आणि तिन्हींतून ओवायला
नातीच्या गिटारची सगळ्यात बारीक तार.
हिल्ला आठवडाभर पाच तारांवर भागवतेय.

तुकडा उडाला की घरात संचारबंदी.
मी कॉफी घेऊन पाय वर करून बसायचं,
तो गाल फरशीला टेकवून टॉर्च आडवा धरणार.
अशा उजेडात म्हणे कणाकणाला लांब सावली पडते
आणि नळीच्या सावलीला भोक असतं.
असेल.
मला तर किती दिवस झाडलं नाही तेवढंच दिसतं.

पहिली बिजागरी गोंदानं गिळली,
थेंब फटीतून आत ओढला गेला आणि जागीच दगड.
दुसरीच्या तारेला त्यानं व्हॅसलीन चोळलं.
तिसरी शिंकेत गेली, माझ्या.
चौथी फुंकरीनं उघडली.
मी चक्क टाळी वाजवली.

तो बराच वेळ तिच्याकडे बघत बसला,
मग चिमट्यानं उपटून काढली.
"इतकी सोपी नव्हती," म्हणाला.

सेहेचाळीस वर्षांच्या संसारात त्या मार्चबद्दल
मला एवढंच ठाऊक होतं,
की तो आणि एलियास कुणाच्या तरी उसन्या कपड्यांत घरी आले
आणि बटाट्याचं सूप सगळं संपवलं.

आता टेबलाशी, पाठ माझ्याकडे करून, तो बोलला.
बर्फावर असताना झडप उघडी ठेवायची, हा नियम.
उणे एकतीस. एलियास म्हणाला, कान गळून पडतील रे, लाव.
लावली ती मी.
नदी शिरते तिथं बर्फ पातळ होता.
बिजागऱ्यांत तुषार गोठलेले.
लाथा मारत होतो. एलियास मोठ्यानं मोजत होता.
आठपर्यंत मोजल्या त्यानं.
नववी मारली तेव्हा गाडीत फक्त पाण्याचा आवाज होता.

मग?
मग आकाश, म्हणाला, आणि त्याची कॉलर माझ्या मुठीत.

एलियास यंदा ऑक्टोबरात गेला,
रेडिओ चालू, पांघरूण गळ्यापर्यंत.
ही गाडी त्याच्या नातवासाठी.

पाचव्या बिजागरीची तार ताउनोनं वाकवली.
किती? भिंगातून मलाही दाखवलं, मला सरळच दिसली.
त्याच्या बोटांना मात्र कळत होतं.
झडप हलवली, ती अडली.
"हं," म्हणाला, आणि पहिल्यांदा दिवा मालवून झोपायला आला.

शनिवारी ओत्सो आला, नऊ वर्षांचा,
दात पडलेला, हातमोजे दोरीनं गळ्यात.
नखानं झडप उचलून बघितली.
"अडतंय."
"अडणारच. जोर लाव."
"तुटेल ना!"
"तुटू दे. लाव."

कट्.
एवढासा आवाज, पिसू चिरडल्यासारखा,
आणि माझा नवरा खुर्चीची पाठ धरून उभा.
ओत्सोनं आत डोळा लावला.
दोन आसनं, एक थर्मास, माणूस कुणी नाही.
"हे दोघं कुठेत?"
"बाहेर," ताउनो म्हणाला.
पोराला ते पटलं. वेलदोड्याचा पाव आहे का, विचारलं.

डब्यात अजून एकसष्ट सुया आहेत.
फेकायला काढल्या होत्या.
खालच्या फळीवर ठेवल्या, त्याचा हात पोचेल अशा.