बोंडं

वरची खोली मुतासिमला दिली तेव्हा
दोनच अटी घातल्या होत्या मी :
कूलरमध्ये पाणी त्याचं त्यानं भरायचं
आणि रात्री अकरानंतर गच्चीवर फोन नाही.
खाण्यापिण्याचं बोलणंच झालं नाही.
सुदान कुठे आहे तेही मी नंतर पाहिलं,
केतकीच्या शाळेतल्या ॲटलासात,
पान फाटलं होतं तिथे.

मेडिकल चौकातल्या मेसमध्ये जेवायचा,
रस्सा खाताना डोळे पुसायचा,
तक्रार नाही.
फक्त रविवारी गच्चीवरून करपल्याचा वास यायचा
आणि मागोमाग जिन्यात चपला,
हातात ताटली, तिच्यात काहीतरी फाटकं, राखाडी.
"आंटी, नाही जमलं."

आंबवलेल्या ज्वारीचं असतं म्हणे ते,
कागदासारखं पातळ, तव्यावर पसरायचं.
मी म्हटलं, आमची लांब पोळी असते, रांजणावरची, तसंच का?
नाही, ती गव्हाची.
मग मी ज्वारीचं पीठ भिजवलं, दोन रात्री ठेवलं,
जसं आंबिलीसाठी ठेवते.
त्यानं गंजाचं झाकण उचलून वास घेतला,
बराच वेळ घेतला.
"हेच. पण तुम्ही हे पिता?"
आणि जिन्यावर बसून हसत राहिला,
जशी काही मी चटई उकळून प्याले.

नोव्हेंबरात बुधवारी बाजाराला गेलो.
वांगी घेऊन झाली, सांभार घेऊन झाला,
मागे वळून पाहते तर पिशव्या खाली ठेवून
हा कौसाबाईच्या पोत्यापुढे उकिडवा.
एक बोंड उचललं, पाकळी तोडली, जिभेवर ठेवली.
"करकडे," म्हणाला.
मला नाही. पोत्याला.

"अंबाडीचे बोंडं होय ते, बाप्पा,
काहून असा पाहून राह्यला?"
मी सांगितलं, याच्या गावाकडे होतात.
"त्याइच्याइकडं बी?
अन् मी समजो, आमच्याच धुऱ्यावर होते."
मग तराजू हातातच धरून :
"मंग कोनं नेलं असंन? इकडून तिकडं
का तिकडून इकडं?"
मला काय ठाऊक.
तीन किलो घेतली त्यानं.
घासाघीस केली नाही म्हणून मला राग आला.

माझ्या जुन्या साडीवर वाळत घातली गच्चीत,
सरगुंडे घालते मी तिथेच.
चिमण्यांना हाकलायला पुस्तक घेऊन बसायचा.
कठड्यावर लाल डाग पडला,
दोनदा घासला, गेला नाही.

केतकी लीड्सला असते.
दोन वर्षं तिथल्या दुकानांतून अंबाडी मागत होती,
हातवारे करून, आंबट तोंड करून,
कोणी चिंच द्यायचं, कोणी कोकम, एकानं व्हिनेगर.
तिला लिहिलं, करकडे म्हणून माग.
दुसऱ्या दिवशी फोटो आला,
पाकिटाचा, आणि शेजारी तिची लाल जीभ.
सातवीत असल्यासारखी.

त्याच्या घरी फोन लागत नव्हता त्या दिवसांत.
सहा आठवडे. मी विचारायचे नाही,
तो सांगायचा नाही,
नळ आला की वर हाक मारायची एवढंच.
लागला तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता.
गच्चीवर त्याचा आवाज ऐकला, अट आठवली,
आणि शाल घेऊन मीही वर गेले.

परीक्षा, पैसे, कोण कुठे आहे,
यातलं तो काही बोलला असेल तर आधीच बोलला असेल.
मी गेले तेव्हा फोनसमोर पेला धरून उभा होता,
बल्बच्या उजेडात, सरबताचा,
इकडून तिकडून दाखवत.
पडद्यावर एक बाई, डोक्यावर पांढरं,
चित्र अडकत होतं, तोंड उघडंच राहायचं तिचं.
मग ती काहीतरी म्हणाली
आणि हा लाजला.

काय म्हणाली रे?

"म्हणते, पाणी जास्त झालं."

मी पेला हातात घेतला, बल्बसमोर धरला.
झालंच होतं.