तुंबा

डोलकाठीच्या तारा सैल पडायच्या,
म्हणून मी आवळत होतो.
दोन वर्षं, दर रविवारी, पान्याचा एकेक वेढा.
तार ताणली की काठी ताठ,
एवढाच माझा हिशेब.
पुढच्या रविवारी तार पुन्हा सैल
आणि केबिनचं पुढचं दार
चौकटीत आणखी थोडं रुतलेलं.
काठीच्या बुडाशी डेकवर वाटीभर पाणी साचायचं.
मी ते फडक्यानं टिपायचो.
टिपलं की संपलं.

प्रेसमधला माणूस मी, नाशिकरोडचा.
एकतीस वर्षं ओल्या शाईत.
एक आकडा चुकला तर अख्खा ताव बाद,
आणि इथे गंगापूर धरणावर
मी माझ्याच हातानं, आवळून आवळून,
काठी खाली ढकलत होतो.

तळाची फळी उचलली तेव्हा कळलं.
केबिनच्या मधोमधचा तो खांब,
ज्याला आम्ही सगळ्यांनी शिव्या घातल्या,
गुडघा, कोपर, मंदाचा थर्मास,
सगळं ज्याच्यावर आपटलं,
तो उभा होता चहाच्या चोथ्यावर.
कधीकाळी तो सागाचा ठोकळा असावा.
स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला,
आवाजसुद्धा आला नाही.

बोट चव्वेचाळीस वर्षांची.
समुद्राकडे पाठ करून, ट्रेलरवर,
कसारा घाट चढून आलेली.
तिची काठी उतरवली चार पोरांनी,
द्राक्षाच्या मांडवाला तारा ओढणारी पोरं.
त्यांना ताण शिकवावा लागला नाही.

अंबडला मुश्ताकनं पाइप लेथवर चढवला.
"पंपाचा का?"
म्हटलं, बोटीचा.
"नाशकात?" असं म्हणून हसला,
आणि मग केसभर फरकासाठी
दोनदा पुन्हा कापला.

लाकडासाठी गिरणाऱ्याला, पुंजा मिस्त्रीकडे.
बैलगाड्या गेल्या, आता तो प्लायची दारं करतो.
गोठ्यामागे एक तुंबा पडून होता,
बाभळीचा, अजून भोक न पाडलेला.
ज्याच्यासाठी घडवायला घेतला
त्यानं मधेच ट्रॅक्टर घेतला.
मिस्त्रीनं बोटाच्या पेरानं वाजवून पाहिला.
"वझं खाईल ह्यो. पर पानी?"
मी म्हटलं, पाणी बोटीच्या बाहेर असतं.
त्यानं माझ्याकडे पाहिलं नुसतं.
तुंब्यातून चार बोटं जाडीचा ठोकळा काढला
आणि खालच्या अंगाला एक खाच पाडली,
पाण्याला निघून जायला.
मी सांगितली नव्हती.

जॅक पिकअपचा.
डेकला खालून आडवी फळी, फळीला जॅक.
दांड्याचा अर्धा झटका, मग थांबायचं.
बोट कुरकुरायची, जुन्या खाटेसारखी.
पुन्हा अर्धा.
चौथ्या की पाचव्या झटक्याला
ते पुढचं दार,
जे आम्ही खांदा लावून उघडायचो,
आपणहून हललं
आणि चौकटीत जाऊन बसलं.
कडीसकट.
पुंजा मिस्त्रीनं टोपी काढली, डोकं खाजवलं,
परत घातली.

काठीखाली नाणं ठेवतात म्हणे.
मी खिसे चाचपले.
या हातांखालून किती कोटी गेले असतील,
सगळा कागदच.
तो इथे पहिल्या महिन्यात कुजला असता.
मंदानं पर्सच्या आतल्या कप्प्यातून
गेंड्याचे चार आणे काढले.
"कुणी घेत नाही आता. ठेव."
मुश्ताक म्हणाला होता, ते स्टील आहे, गंजायचं नाही.

काठी उभी राहिली. अंजनेरीकडून वारा सुटला होता.
मी तार बोटानं छेडून ऐकली
आणि पाना डब्यात टाकला.
नाही, आधी अर्धा वेढा सैल केला,
मग टाकला.

निघताना अंधारात
नव्या खांबावर माझाच गुडघा आपटला.
शिवी आली तोंडात,
जुनीच.