विरी

डिसेंबरात माझ्याकडे हाडं येतात
लाल धूळ लागलेली.
सोमवारी हासळीचं, बुधवारी मनगटाचं,
आणि आज वेळग्याचा सायेश माजिक,
दहा वर्षांचा, बाकावर बसायलाच तयार नाही.
"कुठं दुखतं?"
आईकडे बघतो, मग भिंतीकडे.
"बसतात तिथं."

मी कागदावर लिहिते: माकडहाड.
तो वाचतो, आणि दुखणं विसरून हसतो,
मग हसल्यामुळे पुन्हा दुखतं.

साखळीच्या या खोलीत
कारण विचारायची गरज पडत नाही.
चड्डीच्या खिशातून टेबलावर सांडतात
अकेशियाची पानं,
पिवळी, कोयतीसारखी वाकलेली.
खाण बंद पडली तेव्हा हा पाळण्यातही नव्हता.
उपसलेल्या मातीचा डोंगर तेवढा मागे राहिला
आणि डोंगर खाली येऊ नये म्हणून लावलेली झाडं.
थंडी पडली की त्यांच्या पानांचा थर असा सुकतो
की नुसता पाय ठेवला तरी निसटतो.
त्यावर पोफळीची विरी टाकून बसलं
तर मग काही बोलायलाच नको.

"किती जण होता एका विरीवर?"
"तीन. पुढं मिंगेल, मधे मी, मागं दीक्षा.
दीक्षा ब्रेक."
"ब्रेक म्हणजे?"
"तिनं पाय टेकायचे."
"टेकले?"
"टेकले ना. चप्पल वरच राहिली."

कुशीवर झोप. गुडघे पोटाशी घे.
श्वास धर. हलू नकोस.
(इतकं स्थिर त्याला आजवर
कुणी राहायला सांगितलं नसेल.)
"फोटो मला मिळेल?
मिंगेलला दाखवायचाय."

बाहेर त्याचा बाप सांगतोय सगळ्या रांगेला,
"आम्ही पण घसरायचो, बाय,
आम्हाला कुठं काय झालं?"
सांगताना हात हवेत फिरवतो,
चार बोटं उघडतात.
करंगळी उघडत नाही.

मी काही बोलले नाही.
तेव्हा अकेशिया नव्हती,
आमच्याकडे काजूच्या बागेचा उतार होता,
खाली चिऱ्यांचा गडगा.
मी पाचवीत होते. घरी सांगितलं, शाळेत पडले.
शाळेत सांगितलं, घरी पडले.
फोटो कुणी काढलाच नाही.
अजून पणजीच्या बसमध्ये खड्डा आला
की मी दांडीला धरून अर्धी उठते,
आणि शेजारणीला वाटतं, हिचा स्टॉप आला.

रविवारी उगाच वेळग्याला गेले.
उतार मला वाटला होता त्याहून बुटका,
आणि त्याहून सरळ.
मुलांचे आपले नियम होते:
डोकं पुढं करून नाही.
ट्रकच्या जुन्या रस्त्याच्या बाजूला नाही.
वर आलेल्या मुळाला लाल चिंधी बांधलेली.
फक्त शेवटी, जिथं थांबायचं कुणालाच ठाऊक नव्हतं,
तिथं गटाराची काँक्रीटची धार
आणि एक जाडजूड खोड.

खोडापाशी सायेशचा बाप उकिडवा बसलेला.
सिमेंटच्या रिकाम्या गोणींत पानं ठासत होता,
गोणी सुतळीनं खोडाला आवळत होता.
गाठ मारताना करंगळी आड येत होती.
मला बघून म्हणाला,
"कचरा फार झालाय इथं. जरा गोळा करतोय."
मी म्हटलं, "हो, फार झालाय,"
आणि एक गोण धरली.
गटाराला पुरतील इतक्या गोणी नव्हत्या.
तो म्हणाला, उद्या बघू.

वर पोरं खोळंबलेली.
दीक्षा दोन्ही पायांत चपला घालून,
पट्टा दोरीनं बांधलेला.
जाताना वाटेत एक विरी पडली होती, ती उचलली.
आतून पांढरट, थंड,
हात फिरवला तर हात पुढंच जात होता.
तिथंच ठेवली.
एक मुलगी म्हणाली, "काकी, बसा ना."

बराच वेळ उभीच होते.
बसायला मला अजून थोडा वेळ लागतो.